‘सर, आधी हँडरब’ हे म्हणायचं कोणी?

पत्र थोडक्यात (ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय):

जिल्ह्याच्या गावी एका खासगी हॉस्पिटलच्या आयसीयूत दोन वर्षं स्टाफ नर्स असलेली २६ वर्षांची मुलगी लिहिते की गेल्या दीड महिन्यात आमच्याकडे तीन पेशंटचा कल्चर रिपोर्ट (सॅम्पलमधला जंतू वाढवून ओळखायची तपासणी) सारखाच आला, क्लेबसिएला नावाचा जंतू, कोलिस्टिन हे शेवटचं राखीव अँटिबायोटिक सोडून सगळ्याला रेझिस्टंट, म्हणजे दाद न देणारा. आमचे एक मोठे कन्सल्टंट आहेत, माणूस देवासारखा, माझ्या वडिलांनाही त्यांनीच वाचवलंय, पण राऊंडला ते हात साफ न करता एका बेडवरून दुसऱ्या बेडवर जातात. एकदा आयसोलेशनच्या सहा नंबरवरून तडक सात नंबरच्या आजींकडे गेले, स्टेथोस्कोप तोच, हात तेच. आजींना दोन दिवसांत वॉर्डात शिफ्ट करणार होते. पाचव्या दिवशी ताप, कल्चरमध्ये तोच जंतू, आणि आजी गेल्या. मी बघत होते आणि बोलले नाही. इन्चार्जना सांगितलं तर म्हणाल्या, तू तुझं काम बघ. मी स्वतः पूर्ण ड्यूटीभर ग्लोव्हज घालते, दर शनिवारी फ्युमिगेशनही (जंतू मारायचा धूर) होतं, म्हणजे आमच्याकडून कसूर नाही. आता सरांना तोंडावर बोलू, आजींच्या नातेवाईकांना खरं काय ते सांगू, की नोकरी सोडू? ताई, रात्री झोप लागत नाही.

---

अगं, पहिले ते आजींचं. तुझ्या पत्रात चार वेळा ‘मी बोलले नाही’ आलंय, मी मोजलं. तू बोलली असतीस तर आजी वाचल्या असत्या का, याचं उत्तर तुझ्याकडे नाही, माझ्याकडे नाही, आणि सरांकडेही नाही. त्या आधीच आठ-दहा दिवस आयसीयूत होत्या, कॅथेटर (लघवीची नळी) होता, मोठमोठी अँटिबायोटिक्स चालू होती, तो जंतू त्यांच्या आतड्यात त्या राऊंडच्या आधीच येऊन बसलेला असू शकतो. सरांच्या हातावरून गेला असंही असू शकतं, नाही कशाला म्हणू. पण सहावरून सातवर तो नेमका त्याच सकाळी गेला हे तू डोळ्यांनी पाहिलेलं नाहीस, तू एक चूक पाहिलीस आणि नंतर एक मृत्यू पाहिलास, आणि मधली रेघ तू स्वतः ओढलीस.

ही रेघ ओढणं किती अवघड असतं ते बघ. अमेरिकेत एनआयएच या सरकारी आरोग्य संस्थेचं संशोधनाचं हॉस्पिटल आहे, पैसा लॅब माणसं कशाची कमी नाही. २०११ च्या जून महिन्यात तिथे न्यूयॉर्कहून एक पेशंट आली, अंगात असाच क्लेबसिएला. त्यांना माहीत होतं, त्यांनी तिला पहिल्या दिवसापासून वेगळं ठेवलं, जुलैत ती घरीसुद्धा गेली. सगळ्यांनी हुश्श केलं, आणि तिच्या डिस्चार्जनंतर तीन आठवड्यांनी दुसऱ्याच पेशंटमध्ये तो सापडला. मग तिसरा, चौथा, करत करत १८ जण, त्यातले ११ गेले, आणि त्यातले ६ थेट या इन्फेक्शनने. जंतूची पूर्ण जनुकीय रचना वाचून त्यांनी कोणाकडून कोणाकडे गेला याचा माग काढला तेव्हा कळलं की मधले काही आठवडे तो अशा लोकांच्या अंगात गुपचूप बसलेला होता, ज्यांना ताप नाही, काही नाही. साफ केलेल्या व्हेंटिलेटरवर मिळाला, बेसिनच्या ड्रेनमध्ये मिळाला. म्हणजे एवढी सोय असूनही कोणा एकाकडे बोट दाखवता येईना. आपण तर कल्चर रिपोर्टच्या झेरॉक्सवर बोलतोय.

मग नातेवाईकांना सांगायचं का, तर तू म्हणतेस तसं नाही. कल्चरमध्ये काय आलं, कुठली औषधं चालली, हे कळण्याचा त्यांना हक्क आहे आणि ते सांगायचं काम ट्रीटिंग डॉक्टरांचं, ते सांगितलं गेलं नसेल तर तसं इन्चार्जना जरूर विचार. पण कॉरिडॉरमध्ये गाठून ‘सरांनी हात धुतले नव्हते’ हे सांगणं म्हणजे तुला जे सिद्ध करता येत नाही ते दुःखात असलेल्या माणसांच्या हातात देणं, पुढे काय होतं ते आपण दर महिन्याला पेपरात वाचतो, काचा फुटतात आणि मार बहुतेक वेळा ड्यूटीवरच्या आरएमओला (निवासी डॉक्टरला) नाहीतर सिस्टरला पडतो.

बरोबर असणं पुरत नाही गं. व्हिएन्नातले ते डॉक्टर सेमेलवाइस, १८४७ साली त्यांनी दाखवलं की पोस्टमॉर्टेम करून आलेले डॉक्टर तेच हात घेऊन बाळंतिणी तपासतात म्हणून बायका मरतात, क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि मृत्यू धाडकन खाली आले. कोणी ऐकलं नाही, आणि ते स्वतः इतके कडवट झाले की विरोधकांना जाहीर पत्रं लिहून खुनी म्हणायला लागले. त्याने एकाचाही हात धुतला गेला नाही. १८६५ मध्ये वेड्यांच्या इस्पितळात गेले बिचारे. तुझं पत्र वाचताना मला सारखे तेच आठवत होते.

आता तुझ्या ग्लोव्हजबद्दल. इथे मी जरा कान धरणार आहे.

‘पूर्ण ड्यूटीभर ग्लोव्हज घालते’ हे वाक्य मी ३१ वर्षांत इतक्या चांगल्या मुलींकडून ऐकलंय, आणि अभिमानाने. असे ड्यूटीभरचे ग्लोव्हज फार तर तुझा बचाव करतात, पेशंटचा नाही. सक्शन केलं (कफ ओढून काढला), त्याच हाताने मॉनिटरचा अलार्म बंद केला, इन्फ्युजन पंपचं बटण दाबलं, फाईल ओढली, पेन घेतलं, खिशातला मोबाइल वाजला तो बघितला, आणि मग शेजारच्या बेडची लाईन (शिरेत घातलेली नळी) धरली, हातात ग्लोव्हज आहेत म्हणून मनाला खटकतसुद्धा नाही. उघड्या हाताला चिकट काही लागलं तर आपण निदान धुवायला धावतो. एक काम, एक पेशंट, एक जोडी, काढून फेकायची आणि काढल्यावर हात चोळायचे, कारण काढताना हाताला लागतंच. आणि ग्लोव्हजवरच रब (हात साफ करायचं अल्कोहोलचं औषध) चोळायची जी पद्धत आहे ना ती बंद कर.

मी एकदा काय केलं, अंधारात निळ्या टॉर्चखाली चमकते ती पेस्ट असते ना, ट्रेनिंगची, ती कोणाला न सांगता रिकाम्या बेडच्या रेलिंगला आणि बीपीच्या कफला लावली. दीड तासाने सगळ्यांना बोलावलं, ट्यूबलाइट बंद केल्या, टॉर्च मारला. अलार्मचं बटण चमकत होतं, औषधाच्या ड्रॉवरची कडी, नोट्सचं पेन, फ्रीजचं हँडल, एका मामांच्या कानामागे, आणि एका नवीन लग्न झालेल्या मुलीचं मंगळसूत्र, वाट्या अक्षरशः दिव्यासारख्या. ती रडायलाच लागली. मी तिला समजवायला हात पुढे केला तर माझं घड्याळ चमकत होतं! इन्फेक्शन कंट्रोलची सिस्टर मी, सगळ्यांना ‘कोपराखाली काही घालायचं नाही’ असं बजावणारी, आणि त्या दिवशी सासूबाईंनी दिलेलं घड्याळ घालून आलेली. त्यानंतर मी कोणावर ओरडणं जवळपास सोडलंच. जवळपास.

मंगळसूत्र युनिफॉर्मच्या आत, बांगड्या-अंगठी-घड्याळ लॉकरमध्ये, नखं कापलेली. घरी बोलणी बसत असतील तर माझं नाव सांग, खुशाल.

फ्युमिगेशनचं पण सांगते, यावर मला पत्रं येतील तर येऊ देत. शनिवारी रात्री फॉर्मॅलिनचा धूर करायचा, रविवारी सगळ्यांचे डोळे चुरचुरतात, नाक वाहतं, आणि मॅनेजमेंटला वाटतं आता आयसीयू लखलखीत. अगं जंतू हवेत कमी आणि रेलिंगवर जास्त असतो, आणि घाण पुसल्याशिवाय वरून कितीही धूर केला तरी काही उपयोग नाही. ॲसिनेटोबॅक्टर नावाचा जंतू तर कोरड्या प्लास्टिकवर आठवडेच्या आठवडे जिवंत राहतो. खरं काम करतात त्या मावशी, ओल्या फडक्याने. पण ते फडकं एकच असतं आणि एक नंबरपासून चौदा नंबरपर्यंत तेच फिरतं, म्हणजे एकाचं सगळ्यांना वाटत जायचं. दर बेडला वेगळं फडकं, ब्लीचचं पाणी रोज ताजं, पेशंट हलला की गादी, रेलिंग, पंप, मॉनिटरच्या वायरी, सगळं. आणि हे मावशींना ओरडून नाही, शेजारी उभं राहून दाखवायचं, एकदा का त्यांना कळलं की आपल्या फडक्यावर माणसाचा जीव आहे तर त्या तुझ्यामाझ्यापेक्षा कडक होतात. माझ्याकडची एक मावशी तर बाईट घ्यायला आलेल्या चॅनेलवाल्याला म्हणाली होती, बूट काढा आधी. (बुटांचं एवढं काही नसतं खरं म्हणजे, पण मी मध्ये पडले नाही.)

आणि बेसिन. हात धुवायच्या बेसिनमध्ये उरलेला चहा, उरलेलं सलाईन, स्पंजिंगचं पाणी काही म्हणजे काही ओतायचं नाही. त्या ड्रेनच्या आत जंतूंचा चिकट थर बसतो, वरून आपण साखर आणि अँटिबायोटिक दोन्ही पुरवतो, आणि नळ जोरात सोडला की तुषार उडतात ते शेजारी भरून ठेवलेल्या इंजेक्शनच्या ट्रेवर. नेदरलँड्समध्ये नायमेगनच्या हॉस्पिटलने आयसीयूच्या पेशंट रूममधली बेसिनंच काढून टाकली, पाण्याशिवाय जेवढं करता येईल ते केलं, तर असले जंतू अंगावर बसणाऱ्या पेशंटचं प्रमाण खाली आलं. आपल्याकडे बेसिन काढा म्हटलं तर वेड्यात काढतील, पण ट्रे निदान दोन हात लांब ठेवता येतो की.

आता सरांकडे वळू, ज्यासाठी तू पत्र लिहिलंस. तू गृहीत धरलंयस की ही तुझी आणि त्यांची हिमतीची परीक्षा आहे, म्हणजे एक छोटी सिस्टर, एक मोठे डॉक्टर, आणि ती बोलते की नाही. मी म्हणते ते तसं ठेवायचंच नाही. जिथे २६ वर्षांच्या मुलीला रोज हिंमत गोळा करावी लागते तिथे नियमच नाही असं समज.

अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला पीटर प्रोनोव्होस्ट म्हणून आयसीयूचे डॉक्टर, त्यांनी २००१ मध्ये सेंट्रल लाईन (मोठ्या शिरेतली नळी) टाकतानाच्या अगदी साध्या पाच गोष्टी कागदावर लिहिल्या. हात साफ करा, क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाने त्वचा साफ करा, पेशंट पूर्ण झाका आणि स्वतः टोपी-मास्क-गाऊन घाला, शक्यतो जांघेतून टाकू नका, नको असेल तेव्हा काढून टाका. मग सिस्टर्सना महिनाभर नुसतं बघायला सांगितलं, तर तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त पेशंटमध्ये डॉक्टर एक तरी पायरी गाळत होते. तिथलेही डॉक्टर देवासारखेच होते हो. आणि मग जे केलं ते महत्त्वाचं, मॅनेजमेंटने सिस्टर्सना लेखी अधिकार दिला की पायरी गाळली तर तुम्ही प्रोसिजर थांबवायची, आणि पाठीशी आम्ही. नंतर मिशिगन राज्यात शंभरावर आयसीयूंनी हे उचललं, २००६ साली निकाल छापून आला, लाईनमधून रक्तात जाणारी इन्फेक्शन्स दीड वर्षात ६६ टक्क्यांनी कमी. नवीन औषध नाही, नवीन मशीन नाही.

तेव्हा तू इन्चार्जकडे परत जा, पण सरांची तक्रार घेऊन नको. त्या ‘तू तुझं काम बघ’ म्हणाल्या कारण तू त्यांच्यासमोर एका माणसाचं नाव ठेवलंस, आणि त्या माणसाशी भांडायची ताकद त्यांच्यातही नाही, हे त्या बोलणार नाहीत. या वेळी तीन रिपोर्ट घेऊन जा. म्हण, मॅडम, दीड महिन्यात तीन, एकच जंतू, मला भीती वाटतेय, इन्फेक्शन कंट्रोल कमिटीपुढे हे ठेवायचं का. कमिटी बहुतेक ठिकाणी कागदावर असतेच, मायक्रोबायोलॉजिस्ट त्यात असतात, ते अशा आकड्यांची वाटच बघत असतात कारण त्यांचंही कोणी ऐकत नाही. एकाच जंतूचा क्लस्टर, म्हणजे जवळजवळ आलेल्या केसेस, म्हटलं की ती तुझी कुरबूर राहत नाही, हॉस्पिटलचा प्रश्न होतो. मॅनेजमेंटला बाहेर कळण्याची भीती वाटेल, वाटू दे. एनडीएम म्हणून जंतूंचं एक एन्झाइम आहे, मोठमोठी अँटिबायोटिक्स निकामी करणारं, त्याच्या नावात दिल्ली आहे म्हणून २०१० मध्ये आपल्याकडे केवढा आरडाओरडा झाला, नावावरून भांडलो आणि जंतू आपला निवांत पसरत राहिला.

आणि ते होईपर्यंत राऊंडला एक कर. मी एका सरांवर हे करून पाहिलंय, भयंकर तापट माणूस. राऊंडला एक सिस्टर फाईल धरते ना, दुसरीने स्टरिलियमची, म्हणजे हँडरबची, बाटली धरायची. प्रत्येक बेडच्या अलीकडे काही न बोलता बाटली पुढे. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी बाटलीमागे लपले असते. दुसऱ्या दिवशी म्हणाले, ‘सिस्टर, मी काय घाण आहे का?’ मी म्हटलं नाही सर, पुढच्या बेडच्या आजींची इम्युनिटी काही नाही, त्यांच्यासाठी. आठवड्याभरात माझ्याकडे न बघता हात पुढे यायला लागला, देवळात तीर्थाला येतो तसा, ओंजळ करून. पुढे मी रजेवर असताना बाटली नव्हती तर त्यांनीच आरडाओरडा केला म्हणे.

‘तुमचे हात’ नको, ‘आजींसाठी’ म्हणायचं, यात नुसती गोडी नाही. २०११ मध्ये ग्रँट आणि हॉफमन या संशोधकांनी हॉस्पिटलमध्ये दोन प्रकारचे बोर्ड लावून बघितले, एकावर हात साफ केल्याने ‘तुम्ही’ आजारातून वाचता, दुसऱ्यावर ‘पेशंट’ वाचतो. पेशंटवाल्या बोर्डाखालचा साबण जास्त संपला. मोठ्या डॉक्टरांना स्वतःला काही होईल असं वाटतच नाही, पण पेशंटवर जीव असतो, तुझ्या वडिलांच्या वेळी तू तो बघितलायस. स्टेथोस्कोप मात्र दर आयसोलेशन बेडला वेगळा टांगून ठेवा, तिथलाच तिथे.

आळस हे एकच कारण नसतं हेही बघ. जिनिव्हाच्या हॉस्पिटलमध्ये डिडिएर पिटे या डॉक्टरांनी मोजलं तर आयसीयूत तासाला वीसेक वेळा हात साफ करायची वेळ येते. साबण-पाण्याने दर वेळी मिनिटभर धरलं तर तासातली वीस मिनिटं बेसिनपाशी, आणि जाणं-येणं वेगळं. रबला २० ते ३० सेकंद लागतात आणि ती बेडपाशीच असते, म्हणून त्यांनी बाटल्या बेडला टांगल्या. त्यांनाच असंही दिसलं की काम जितकं जास्त तितके हात कमी साफ होतात, आणि डॉक्टर सिस्टर्सच्या मागे. तुमच्याकडे नाईटला व्हेंटिलेटरचे तीन पेशंट आणि सिस्टर एक, असं तू ओझरतं लिहून गेलीस, मला वाटतं तुझ्या पत्रातली सगळ्यात मोठी बातमी ती आहे. कमिटीपुढे तेही लिहून द्या, तारखांसकट. आणि तोपर्यंत रोस्टर लावताना निदान त्या रेझिस्टंट पेशंटची सिस्टर वेगळी ठेवता येते का बघा, तीच सिस्टर इकडे आणि तिकडे नको. हगवणीचा पेशंट असेल, त्यातही क्लॉस्ट्रिडियम या जंतूचा संशय असेल, तर मात्र रब नाही चालत, साबण-पाणीच.

तुझ्या हातातली अजून एक गोष्ट, आणि ती सरांच्या वागण्यापेक्षा मोठी आहे. रोज राऊंडला विचार, सर ही लाईन आज लागणार आहे का, हा कॅथेटर काढू का. जी नळी अंगात नाही तिच्यातून इन्फेक्शन होत नाही. हा प्रश्न विचारायला कोणाचा अपमान करावा लागत नाही, उलट तू हुशार ठरतेस. आणि कल्चर पाठवताना युरीन बॅगमधून कधी घेऊ नकोस, नळीवरच्या सॅम्पल घ्यायच्या पोर्टमधून, आणि अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसच्या आधी. चुकीचं सॅम्पल गेलं की अंगावर नुसता बसलेला जंतू रिपोर्टमध्ये येतो, मग त्यासाठी कोलिस्टिन सुरू होतं, किडनी बिघडते, आणि त्या औषधालाही रेझिस्टन्स यायची सोय होते. कोलिस्टिनच्या पुढे आपल्याकडे फार काही उरलेलं नाही हे तुला सांगायला नको.

हे वाचणाऱ्या नातेवाईकांना मध्येच दोन शब्द. आत जाताना आणि बाहेर येताना हात चोळा, बेडवर बसू नका, अंगारा लावायचा असेल तर सिस्टरला विचारा, चोरून लावू नका, आणि ‘डॉक्टर, जोरातली अँटिबायोटिक द्या’ हे म्हणू नका प्लीज. पेशंटला वेगळं ठेवलं म्हणजे वाळीत टाकलं नाही. घरी आल्यावर त्याला मिठी मारा, एका ताटात जेवा म्हणत नाही पण जवळ बसा, संडासनंतर आणि जेवणाआधी सगळ्यांनी साबणाने हात धुवा, आणि पुढे कधी दुसऱ्या हॉस्पिटलात दाखल करायची वेळ आली तर तो जुना कल्चर रिपोर्ट पहिल्यांदा काढून दाखवा. लपवू नका.

नोकरी सोडायचं म्हणशील तर आत्ता नको. पुढच्या आयसीयूत हाच जंतू तुझी वाट बघत असेल, आणि तिथे तू परत नवीन, परत सगळ्यात ज्युनिअर. कमिटीला लेखी दिलं आणि त्यावरून तुला त्रास द्यायला लागले, ड्यूट्या वाकड्या लावायला लागले, तर मग बेलाशक सोड, त्याची लाज वाटून घेऊ नकोस. दोन-तीन महिने तरी दे.

बाटल्या टांगाल तेव्हा प्रत्येक बाटलीवर उघडल्याची तारीख लिहा आणि संपली की कोणी भरायची ते नाव ठरवून ठेवा, नाहीतर पंधरा दिवसांनी चौदा बेडला चौदा रिकाम्या बाटल्या लटकत असतात, मी बघितल्यात. आणि इन्चार्जशी बोलायला नाईट संपवून तशीच जाऊ नकोस, आधी झोप काढ. नाईटनंतर बोलायला गेलं की आवाज चढतो, माझा तरी चढायचा.